तारामती फितूर झाली

नांदेडात पोलीस ठाण्यासमोर चहाचा गाडा असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. ठाणं कोणतं ते मी सांगणार नाही. मला इथंच राहायचंय, आणि सकाळी फिरून आल्यावर तारामतीच्या हातचा चहा प्यायचाय. निदान इच्छा तरी तशी असते. हल्ली सकाळी तिच्या नवऱ्याच्या हातचा प्यावा लागतो, कारण बाई कॉलेजात जातात.

शिकतात काय, तर कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र, दोन्ही एकदम. एका नव्या कॉलेजानं काढलाय असा जोडअभ्यास, दोन पदव्या बरोबरच हातात. तारामतीचं वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. मुक्त विद्यापीठाची बी.ए. तिनं गाड्यावरच केली, एक डोळा पुस्तकावर आणि एक दुधावर ठेवून. दूध फारसं उतू गेलं नाही, म्हणून तिला पुढे हाव सुटली.

"अगं, एक धड होऊ दे आधी," मी म्हणाले. "दोन-दोन कशाला?"

"बाई, एकट्या कायद्यानं भागत न्हाई. कायदा विचारतो, केलं का? क्रिमिनॉलॉजी विचारती, का केलं? शब्द तेच, उलटे लावले की दुसरी डिग्री."

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. हे मला सुचलं नव्हतं.

नवरा रामकिशन एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला मेकॅनिक. गरीब माणूस, पण चहात साखर घालतो ती बेअरिंगला ग्रीस भरल्यासारखी. बायकोच्या शिक्षणाची खरी किंमत आमच्या जिभांनी मोजली, आणि सगळ्यात जास्त समोरच्या ठाण्यानं.

वर्गात तिची जोडीदारीण आलिया. लातूरची मुलगी. घरच्यांनी डॉक्टर करायचं म्हणून तिला लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं कोंडलं, तरी ती झाली नाही. शेवटी अब्बांना म्हणाली, मला माणसाचं पोट फाडायचं नाही, भांडण सोडवायचंय. ती तारामतीला मावशी म्हणते, इंग्रजी समजावते आणि मावशी तिच्यासाठी डब्यात शेंगदाण्याची चटणी नेते. कायदाही दोघींच्या सोयीनं बदलला. दंडसंहिता गेली, न्यायसंहिता आली, सगळी कलमं नव्या नंबरावर. मुरलेले वकीलसुद्धा पहिल्या बाकावर येऊन बसले. "खुनाचं एकशेतीन झालं," तारामती सांगत होती, "आन् फसवणुकीचं तीनशेअठरा. आता रामकिशनला चारशेवीस म्हणायची बी सोय राहिली न्हाई."

आता मुख्य गोष्ट. तारामती पंच होती. पोलिसांनी कुठं झडती घेतली, काही जप्त केलं की दोन बाहेरची माणसं हजर असावी लागतात. ती बघतात, पंचनाम्यावर सही करतात, आणि पुढे कोर्टात सांगतात. झडती बाईची असली तर पंचही बाई लागते. ठाण्यासमोर हाकेच्या अंतरावर बाई कोण? हेड कॉन्स्टेबल भुजंगराव, ज्यांना सगळे जमादार म्हणतात, ते दारातून ओरडायचे, "मावशी, चार कटिंग, आन् जरा सही!" चहा आत जायचा, कागद बाहेर यायचा. पदराला हात पुसून ती सही करायची. वर्षानुवर्षं.

मग एके दिवशी वर्गात पुराव्याचा कायदा निघाला. सर सांगत होते, पोलिसांचे काही ठरलेले पंच असतात, ठाण्याजवळचा पानवाला, चहावाला. काही न बघता सही करतात. त्यांना सराईत पंच म्हणतात, आणि कोर्ट त्यांच्या साक्षीला फार मोजत नाही. आलियानं हळूच मावशीकडं बघितलं. मागच्या बाकावरच्या दोन पोरांनी उघडच बघितलं. तारामती उभी राहिली.

"सर, चहावाली बी असती."

वर्ग इतका हसला म्हणे, की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

ती हसली नाही. संध्याकाळी गाड्यावर मला म्हणाली, "बाई, सराईत गुन्हेगार ऐकलं होतं. मी सराईत निघाले!" दोन पातेली घासली. मग म्हणाली, "आमच्या मुरुडात गावच्या निवाड्याला पंच म्हणून बोलावलं की माझा बाप धुतलेला फेटा बांधून जायचा. आईला सांगायचा, आज मानाचं काम हाय. जमादारानं पहिल्यांदा हाक मारली तवा मला बी तसंच वाटलं. आपल्याला कुणीतरी पंच म्हणालं."

क्रिमिनॉलॉजीच्या मॅडमनी हे ऐकल्याबरोबर सांगितलं, "हेच लिहा. तुमच्या प्रकल्पाचा विषय ठरला: माणसं न बघता सही का करतात." म्हणजे 'का केलं'ची सोय झाली. 'केलं का' अजून यायचं होतं.

ते समन्स बनून आलं. दोन-तीन वर्षांपूर्वीची केस, लातूर-नांदेड एसटीत एका बाईची चेन गेली होती, आणि हिमायतनगरच्या एका बाईला धरलं होतं. जमादार पंचनाम्याची नक्कल घेऊनच आले.

"मावशी, येत्या तारखेला साक्ष हाय. एकदा वाचून ठेवा, म्हणजे गडबड न्हाई."

तारामतीनं चष्मा लावला. "आम्हा पंचांसमक्ष आरोपीच्या कमरेच्या पिशवीतून... भुजंगराव, मी तवा कुठं होते?"

"कुठं म्हणजे? गाड्यावर."

"मग समक्ष कोण होतं?"

"आता काय सांगावं मावशी! गाडा ठाण्याच्या समोर, तुम्ही गाड्यावर. म्हणजे समोरच की!"

मी तिथं बाकड्यावर होते. माझा चहा नाकात गेला.

जमादार मात्र हसत नव्हते. जाताना गाड्याच्या चाकाला बुटाची टोच लावून म्हणाले, "फूटपाथ महापालिकेचा हाय मावशी. आजवर कुणी काही म्हणलं न्हाई, ते कुणामुळं, ध्यानात ठेवा."

झालं. त्या दिवसापासून नवरा-बायकोचं सुरू.

"शिकून गाडा घालवती का?" रामकिशन म्हणे. "माझ्या पेन्शनीत दोघांचं भागतंय का? 'हाव, समक्ष घडलं' म्हणून ये की! आजवर म्हणलंच ना?"

"पेपरात लिहायचं, सराईत पंचाची साक्ष कुचकामी. आन् तीच साक्ष कोर्टात जाऊन द्यायची? मग मला मार्क कशाचे?"

"पास होण्यापुरते तर देतील!"

तिनं मला विचारलं. मी म्हटलं, खोटं बोलायचं असेल तर मला विचारायला आली नसतीस. खरं बोलायचं तर विचारायचं काय? चहा टाक.

तारखेला मी आणि आलिया मागच्या बाकावर बसलो. तारामती इस्त्रीची साडी नेसून पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलानं कागद दाखवला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"यात लिहिलेलं सगळं तुमच्यासमक्ष घडलं?"

"न्हाई साहेब. सही माझी. बघणं माझं न्हाई."

टाइप करणाऱ्याचे हात थांबले. सरकारी वकील न्यायाधीशांकडं वळून म्हणाले, "साक्षीदार फितूर झाली आहे. उलटतपासाची परवानगी असावी." तारामतीनं मागं वळून बघितलं. फितूर कोण आलं, हे तिला बघायचं होतं. मागं आम्ही दोघीच.

"आरोपीनं तुम्हाला काही दिलं?"

"काही न्हाई."

"तिची तुमची ओळख कधीपासूनची?"

"आत्ता बघून राहिले पहिल्यांदा. तेच तर सांगते हाय मघापासून!"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. खोकला असेल.

बाहेर आल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. "बाई, इतकी वर्षं न बघता सह्या केल्या, तवा मी प्रतिष्ठित पंच. आज एकदा खरं बोलले, तर फितूर?"

"मावशी, कायद्याच्या भाषेत तसंच म्हणतात," आलिया म्हणाली.

"भाषा बदला म्हणावं. कलमं बदलली तसं."

दुसऱ्या दिवशी एका पेपरात चार ओळी, 'पंच फितूर'. नाव नव्हतं, पण गल्लीला नाव लागत नाही. बायका कुजबुजल्या, किती घेतले असतील? एकीनं तोंडावर विचारलं, "पण चेन तिनंच मारली होती ना हो?" तारामती म्हणाली, "मला काय माहीत? मी बघितलंच न्हाई, इतकंच बोलले." पुढे ती हिमायतनगरची बाई सुटली. तिनंच चोरी केली की नाही, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही. मलाही त्याची थोडी रुखरुख आहे. तारामतीलाही आहे; ती दाखवत नाही.

ठाण्यानं चहा बंद केला. एक शिपाई येऊन सांगून गेला, गाडा हलवायचं बघा. रामकिशन चाकांना तेल घालून ठेवू लागला. सवय मेकॅनिकची, जायचंच तर गाडी कुरकुरू नये.

असे काही दिवस गेले. मग एका रविवारी सकाळी, कॉलेज बंद असताना, जमादार आले. मी होतेच. बराच वेळ बोर्डावरचे भाव वाचत उभे राहिले, जसे पहिल्यांदाच आलेत.

"मावशी, एक झडती हाय. बाईमाणसाची."

"दुसरं कुणी बघा. मी फितूर हाय."

"सगळ्यांना विचारून झालं. एक बी बाई तयार न्हाई. कोर्टात जावं लागतं म्हणतात. तुमच्यामुळंच." मग आवाज खाली आणून, "आन् आता नुसत्या सहीनं भागत न्हाई. नव्या कायद्यात झडतीचं मोबाइलवर शूटिंग करावं लागतंय. त्यात पंच दिसला पाहिजे."

"म्हणजे खरंच यावं लागतं?"

"हाव."

तारामतीनं गॅस बारीक केला. "येते. पण बघीन. आन् वाचीन. शेवटच्या ओळीपर्यंत."

"वाचा ना! कोण न्हाई म्हणतंय?" जमादार असं म्हणाले खरे, पण वाचणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं.

बाई सकाळी गेल्या, त्या दुपार कलली तरी परत नाहीत. ठाण्याची चहाची तलफ अनावर झाली, एकेक शिपाई रस्ता ओलांडून येऊ लागला आणि रामकिशननं सगळ्यांना आपला चहा पाजला. एक नवा फौजदार घोट घेऊन म्हणाला, "काका, ह्यात पाणी कुठंय?" मी दुसऱ्यांदा आले होते, चांगल्या चहाच्या आशेनं, आणि बाकड्यावर चरफडत बसले होते.

शेवटी ती आली. मागं घामाघूम जमादार, हातात कागदांचा गठ्ठा.

"काय गं, इतका वेळ?"

"घराचं दार उत्तरेला, बाई. ह्यांनी लिहिलं पूर्वेला. परत लिहायला लावलं. मग शेजारणीचं नाव चुकलेलं. ते परत. मग म्हणाले समक्ष, तर मी म्हणलं थांबा, ते कपाट उघडलं तवा तुम्ही मला दारात उभं केलं होतं. तसंच लिहा."

"लिहिलं," जमादार म्हणाले. "सगळं लिहिलं. मावशी, गाड्याचं आम्ही बघून घेतो, फक्त तुम्ही लवकर पास व्हा, आन् वकील होऊन दुसरीकडं जा."

रामकिशननं कौतुकानं तिच्यापुढं कप ठेवला. तिनं तो उचलला, उजेडाकडं धरून आत बघितलं, आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला.

"जमादार," ती म्हणाली, "हा जप्त करा."