मालुबाईनं मरगाईला मागितलं ते

बेळगुंदीच्या मालुबाईनं मरगाईच्या नावानं एक बोकड पाळला होता आणि त्यानं गावाला वैताग आणला होता. देवीच्या जनावरावर हात उगारायचा नाही, त्याला हाकलायचं नाही. त्यामुळे तो कुणाच्याही परसात शिरे, वाळत घातलेलं धोतर चघळे आणि वर शिंगं रोखून उभा राही. लोक विचारत, "बये, तुझा नवस कवा फिटायचा?" ती म्हणे, "माझा मष्णू येऊ दे." नवस फेडायला घरातला पुरुष लागतो, आणि उरलेला एकुलता एक पुरुष, धाकटा लेक मष्णू, लढाई संपल्यावर मराठा पलटणीबरोबर जपानात पहाऱ्यावर होता.

नवस काय होता ते आधीच सांगून टाकलेलं बरं. सगळा घोळ तिथंच आहे. थोरला लेक भरमूही पलटणीत होता, सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती सापडला. चव्वेचाळीस साली पलटणीच्या कॅम्पातून कागद आला की तो कैदेत वारला. कुठं, कशानं, काही पत्ता नाही. मालुबाई रडली नाही. तशीच उठली, देवळात गेली, रवळू गुरवाला बाजूला सारलं आणि देवीला स्वतःच म्हणाली, "ज्यांनी माझा लेक खाल्ला, त्यांच्या आया माझ्यासारख्या बसू देत. त्यांचं गाव जळू दे. तुला बोकड देते." एरवी शेजारणीशीसुद्धा वाकडा शब्द न बोलणारी बाई. पण पोटचा पोर गेल्यावर माणसानं काय बोलावं हे दुसऱ्यानं शिकवू नये.

पुढच्या वर्षी श्रावणात जाऊ अंबुबाई शहरातल्या खडेबाजारातून धावत आली. पाटी उतरवायच्या आधीच ओरडली, "आक्का, जपान्यांचं गावच्या गाव एका बाँबनं जळालं म्हणं! ऐकलं गं देवीनं तुझं!"

मालुबाईला आनंद झाला का? झाला. तिनं देवळात साखर वाटली आणि बोकडाचं पिल्लू आणून दारात बांधलं.

मष्णू सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात पलटणीतून मोकळा होऊन आला. वाळला होता, आणि बोलायचाही तुटक. पण आला होता! नवस फेडायला मंगळवार ठरला. अंबुबाईनं मसाला भाजायला घेतला, भावकीत निरोप गेले. मष्णूला वाटलं, ही सगळी तयारी तो जिवंत परतला म्हणून चालली आहे. जेवताना अंबुबाईनं खरा नवस सांगितला, तोही कौतुकानं. मष्णूचा घास हातातच राहिला.

"आये, त्या गावात, हिरोशिमात, मी गेलतो," तो म्हणाला.

"मग? जळालंय न्हवं समदं?" मालुबाईनं विचारलं.

"जळालंय. वरीस उलटून गेल्यावर गेलतो, तरी गाव असं न्हवतंच. गाडी थांबली तिथं रुळाच्या कडंला पत्र्याचं खोपाट हुतं. म्होरं एक म्हातारी रताळी काढत हुती."

"रताळी?" मालुबाई थांबली. जन्म रताळ्यात गेलेला, पण आपल्या लाल मातीबाहेर ती कुठं पिकत असतील असं तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. "तिकडं बी रताळी? कशानं काढत हुती? कुदळीनं?"

"हातानं. तुझ्यागत. साल खरवडू नये म्हणून."

मष्णू वर्षभरात मोडकंतोडकं जपानी बोलायला शिकला होता. म्हातारीनं त्याला जे सांगितलं ते त्यानं सांगितलं. बाँब पडला त्या दिवशी ती गावात नव्हतीच. दुसऱ्या दिवशी आली, लेकाला हुडकायला. लेक सापडला नाही. बरोबर बहीण आली होती. तिच्या अंगावर साधा फोडसुद्धा नव्हता, पण थोड्या दिवसांत केस गळाले, हिरड्यांतून रक्त आलं आणि ती गेली. म्हातारीलाही आता दम लागत होता. तिनं याला उकडलेलं रताळं दिलं.

"त्या मातीतलं खावं का न्हाय, तिलाच ठावं न्हवतं," मष्णू म्हणाला. "तरी खात हुती. मीबी खाल्लं."

"तू खाल्लंस?"

"देत हुती, आये. न्हाय कसं म्हणू? आजून मरत्यात तिथं माणसं. डाक्तरास्नी बी उमगंना."

"आजून?"

हा एकच शब्द मालुबाईच्या डोक्यात जाऊन बसला. तिनं गाव जळू दे म्हटलं होतं. जळालं. मग अजून का मरतात? देवीला दिलेला शब्द दोन वर्षं तसाच पडून होता. बोकड गावभर मोकळा. फेडला नाही म्हणून देवी थांबत नसेल काय? आणि आता फेडला, तर त्या बहिणीचं मरण आपण पदरात घेतलं असंच झालं की! एकदा तिला एक वाटे, एकदा दुसरं. भाकरी थापता थापता हात थांबत आणि तव्यावरची भाकरी करपे.

तिनं हे बोलून दाखवलं तेव्हा मष्णू चिडला. "बाँब तू टाकलास व्हय? गोऱ्यांनी टाकला. इमानातनं."

"इमान कुणी पाठवलं?"

"त्यांच्या सरकारनं."

"आन् सरकारच्या मनात कुणी घातलं?"

मष्णू म्हणाला, "आणि भरमूदादाला त्या म्हातारीनं मारलं न्हवतं."

"ते मला कळतंय रं," मालुबाई म्हणाली. "देवीला कळायला पायजे हुतं."

शेवटी तिनं ठरवलं की नवस फेडायचा. मरण पदरात पडायचं तर पडू दे, पण तिकडचं थांबू दे. मष्णू दोरी धरायला आला तो तोंड पाडून, आणि आईकडे न बघता.

देवळापुढे सगळी भावकी जमली. रवळू गुरवानं बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडलं. बोकडानं अंग झाडलं की देवीनं घेतला असं मानतात. त्याशिवाय सुरी लावत नाहीत. बोकड काही झाडेना. पाणी पाठीवरून ओघळलं, तो रवंथ करत उभा. गुरवानं पुन्हा शिंपडलं. पोटाखालून शिंपडलं.

"झाड की मेल्या!" अंबुबाई म्हणाली. "समद्यांची धोतरं खाल्लीस, आता लाजतोस व्हय?"

लोक हसले. मालुबाई हसली नाही. गुरव म्हणाला, "आक्का, देवीला कायतरी सांगायचं राहिलंय तुझं. काय असंल ते बोल, मी गाऱ्हाणं घालतो."

"सांग तिला, मिळालं म्हणावं. पुरं झालं. आता थांब म्हणावं. तिथं एक बाई हाय रताळी लावणारी, तिला तरी वाचव म्हणावं."

भावकीत कुजबुज सुरू झाली. जपान्यांची बाई? भरमूच्या नवसाला? "आक्का, येडी का खुळी गं तू!" अंबुबाई म्हणाली, पण हळू.

गुरवानं तांदूळ मुठीत घेतले आणि थांबला. "नाव काय तिचं?"

मालुबाईनं मष्णूकडे पाहिलं. मष्णूनं खाली पाहिलं. "न्हाय विचारलं."

"तिच्या दारात बसलास, तिचं रताळं खाल्लंस, आन् नाव न्हाय विचारलंस?"

"गाडी सुटत हुती, आये."

"नाव-गावाबिगर गाऱ्हाणं कसं घालू?" गुरव म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, रीतच तशी होती. "रताळी लावणारी म्हटलं तर आपलं निम्मं गाव उभं ऱ्हाईल. देवीनं वळखायचं कसं?"

"जाळताना तिनं नावं विचारली हुती काय रं?" मालुबाई म्हणाली. आवाज चढला होता, आणि ती गुरवाशी बोलते आहे की त्याच्यामागच्या देवीशी, हे कुणालाच कळेना. "तवा न्हाय लागलं नाव. आता लागतंय व्हय?"

मष्णूनं हातातली दोरी सोडली आणि आईशेजारी येऊन उभा राहिला. तिच्यासाठी की त्या म्हातारीसाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. गुरवानं तांदळाची मूठ कपाळाला लावली, डोळे मिटले, आणि सुरुवात कुठून करावी ते न समजून तोंड नुसतं उघडून मिटलं.