जांभळी रेघ

सर्जरीच्या वॉर्डात दोन वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. अडचण एवढीच, की आमचे किस्से जेवताना सांगता येत नाहीत, आणि आम्हा डॉक्टरांना गप्पांना वेळ मिळतो तो जेवतानाच! सदुसष्ट-अडुसष्ट साली मी धुळ्यात हाऊसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर होतो, तेव्हाचे हे.

*

पहिल्याच आठवड्यात अमळनेरकडचे एक आबा सुजलेला पाय घेऊन आले. गुडघ्यापर्यंत लालभडक. मी ऐटीत केसपेपरवर लिहिलं, ‘कातडीचं इन्फेक्शन, लाली गुडघ्यापर्यंत.’ आमच्या सरांनी ओल्या बोळ्याने पाय पुसला, तर लाली बोळ्यावर आली. घरच्यांनी सुजेवर गेरू थापला होता! खालची कातडी काळी पडली होती. सर म्हणाले, “आधी धू, मग लिही.” आबा चौथ्या दिवशी गेले.

*

मग जळगावचे एक शेठजी. घोट्यावर रुपयाएवढा डाग, आणि पाय धरून नुसते विव्हळत होते. मला वाटलं, लाडावलेला जीव. गोळी देऊन मी चहाला गेलो आणि गप्पांत रमलो. दुपारी पाहिलं तर डागाभोवती काळपट फोड. सरांनी बोटाने दाबलं, तशी कातडीखाली हवा कुरकुरली. डाग एवढासा आणि दुखणं एवढं, म्हणजे रोग आतून पळतोय, असं त्यांनी मला तिथेच शिकवलं. शेठजीही राहिले नाहीत. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

*

त्यानंतर सरांनी नियमच घातला. लाली संपते तिथे कॉपिंग पेन्सिलीने, म्हणजे ओली केली की जांभळी उमटते तिने, रेघ मारायची. सकाळी लाली आत असली तर औषध लागू पडलं, बाहेर गेली तर ताबडतोब ऑपरेशन. पेन्सिल प्रत्येक खाटेला सुतळीने बांधलेली असे.

सोनगीरच्या एका तरण्या हमालाच्या पायावर मी अशी रेघ मारली. रेघ कशाची, असं उशाशी बसलेल्या त्याच्या बायकोने विचारलं. मी घाईत होतो. लाली या रेघेबाहेर गेली तर पाय जाईल, एवढंच सांगून पुढच्या खाटेकडे गेलो.

दोन दिवस लाली रेघेच्या आत. ताप मात्र उतरेना. तरी मी खुशीत ‘सुधारणा’ लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, रेघ कुठे मारली होतीस? घोट्याच्या वर चार बोटं, मी म्हणालो. आता ती गुडघ्यावर होती.

सरांनी थिएटर लावायला सांगितलं. पाय मांडीतून काढावा लागणार होता. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिच्या पदराचं टोक ओलं होतं, जांभळं.

हात जोडून ती म्हणाली, “भाऊ, तुम्हीच सांगं व्हतं ना, लाली रेघना बाहेर जावाले नको. मी नही जाऊ दिन्ही.”