रिठदच्या आभाळातली रांग

भुताखेतांवर विश्वास न ठेवणं ही आमच्या घरात आवड नव्हती, शिस्त होती. छप्पन साली माझ्या वडिलांनी — आम्ही त्यांना बा म्हणायचो — धम्मदीक्षा घेतली आणि देवांसोबत भानामती, अंगात येणं, उतारे... सगळंच सोडलं. गावात कोणाला काही 'लागलं' की बा तिथे जाऊन वाद घालायचा. त्यात मी इंजिनिअर. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो.

गाव रिठद, तालुका रिसोड. तेव्हा वाशिम वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. साल १९७८, हिवाळा.

मी त्या वेळी कॅलिफोर्नियात एका लहानशा कंपनीत चिप डिझाइन करायचो. काम हाताचं — भिंतीएवढ्या कागदावर सर्किट काढायचं, मग ते लाल फिल्मवर ब्लेडने कापायचं. एक रेघ चुकली की आठवडा वाया. आमची चिप नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमसाठी होती. पडद्यावर पाखरांची रांग आडवी सरकायची, कडेला पोचली की एक पायरी खाली उतरून उलटी निघायची. रांगेला कडेवर वळवणारं सर्किट, तेवढा भाग माझा. कित्येक महिने मी दुसरं काहीच केलं नव्हतं.

अशात बाचं पत्र आलं. चौथी शिकलेला माणूस, चार ओळींच्या वर कधी लिहायचा नाही. या वेळी पानभर लिहिलं होतं. तुरीच्या वावरातून सांजच्याले आभाळात सात दिवे दिसतात, रांगेत चालतात, चार खेप पाह्यले, तू ये.

मला वाटलं, शुक्र असेल, विमान असेल, नाहीतर मोतीबिंदू. सुट्टी काढून आलो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला रिसोडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "यांची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे."

परतीच्या एसटीत बा खिडकीशी बसला. मग म्हणाला, "झालं समाधान?"

घरी मायनं सांगितलं, की त्यानं विहारात जाणं सोडलंय. त्यानं तिथे हे दिवे पाहिल्याचं सांगितलं, तर दादाराव, विहाराचं काम पाहणारे, सगळ्यांसमोर बोलले, "तुमी पोरायले सांगता भूत नसते, अन् आता तुमीच आभाळात दिवे पाहून राह्यले!" लोक हसले. बा उठून आला, तो परत गेला नाही.

आम्ही रोज सांजेला वावरात जाऊन बसू लागलो. तीन दिवस काही नाही. मी मनातून सुटकेचा निःश्वास टाकला, हेही कबूल करतो.

चौथ्या दिवशी सूर्य बुडून वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. बाच्या कपाळावरच्या आठ्या दिसाव्यात इतका उजेड अजून होता. त्यानं पश्चिमेला बोट केलं.

टेकडीच्या वर सात ठिपके. पिवळसर, न लुकलुकणारे. सारख्या अंतरावर. आवाज नाही. रांग डावीकडे सरकली, एका जागी थांबली, थोडी खाली उतरली... आणि उजवीकडे निघाली. पुन्हा थांबली, उतरली, डावीकडे.

मी घड्याळ लावून मोजलं — एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत अकरा सेकंद. प्रत्येक वेळी अकरा. सहाव्या वळणानंतर रांग टेकडीआड गेली.

मी बाला माझ्या कामाबद्दल सांगितलं. मग त्यानं विचारलं, "तुह्या त्या मशीनीत पाखरायले कसं समजते, कुठी वळायचं ते?"

"पडद्याची कड कुठे आहे ते आपण आधीच सांगून ठेवतो."

"मंग आभाळाले कड कोनं सांगतली?"

मी घड्याळातले आकडे वहीत उतरवून ठेवले.

रविवारी मी त्याला बळेच विहारात नेलं. वाटेत म्हणालो, "मी सांगतो विमानं होती म्हणून. माझं ऐकतील. विषय मिटेल."

तो थांबला. "तुले ठाऊक हाय का इमानं होती?"

"नाही."

"मंग कायले सांगतं? माह्यी इज्जत राखाले खोटं बोलशीन, तं मी इतके वर्षं भांडलो कायले?"

वंदना झाल्यावर बा उभा राहिला. म्हणाला, "मी पाह्यलं. काय होतं ते मले ठाऊक नाई. ठाऊक नाई म्हनलं म्हंजे भूत म्हनलं असं होत नाई." आणि खाली बसला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि म्हणालो, मीही पाहिलं, मलाही माहीत नाही. मागून कोणीतरी पुटपुटलं, "अमेरिकेत जाऊन काय शिकला मंग?" निघताना दादारावांनी मात्र बाची चप्पल स्वतः पुढे सरकवली.

हे गावभर पसरलं. दोन दिवसांनी शेजारच्या वावरातल्या कौसाबाई आमच्या अंगणात आल्या. माळ्यांच्या, रिसोडच्या बाजारात वांगी-मेथी विकणाऱ्या. आमच्याकडे त्या कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी उंबऱ्यापाशी बसल्या, पाणी मागून प्यायल्या, आणि खालच्या आवाजात बाला म्हणाल्या, "भाऊ, सात होते ना?"

बानं मान डोलावली.

"मी दिवाळीपासून पाहून राह्यली. सांगतलं असतं तं घरच्यायनं देवी आली म्हणून मले पाटावर बसवलं असतं. मले वाटे, एकलीलेच दिसते."

मायनं चहा ठेवला. मी खगोलशास्त्राच्या दोन प्राध्यापकांना नंतर पत्रं लिहिली, वेळ, दिशा, अकरा सेकंद, सगळं कळवलं. दोघांनी सभ्य उत्तरं दिली, स्पष्टीकरण कोणाकडेच नव्हतं. दिवे पुन्हा दिसले नाहीत. पण कौसाबाई आल्या त्या संध्याकाळी बा आणि त्या अंधार पडेपर्यंत अंगणात बसून बोलत होते — कोणत्या दिवशी दिसले, किती वेळ, कुठल्या झाडाच्या वर — आणि मायला दुसऱ्यांदा चहा टाकावा लागला.