बोगद्यातला जून

तीन माणसं एका जागी बसून वर्षानुवर्षं एकाच गोष्टीची वाट बघत असली, की ती गोष्ट येवो न येवो, किस्से येतातच. आमची जागा म्हणजे घोडेगावच्या पश्चिमेला डोंगरातला एक बोगदा. धरणाच्या कामावेळी खणलेला, मग कुणालाच नको झालेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं आम्ही शिशाच्या विटांच्या आत एक स्फटिक ठेवला आणि डार्क मॅटरचे, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचे, कण शोधायला बसलो. आमच्या प्रमुख वैद्य बाई, पुण्याच्या. यंत्रांचं बघायला मी, जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीचा. आणि राखणदार तुकाराम, बोगद्याखालच्याच वाडीतला.

०००

बोगदा मिळवायला बाई आणि मी घोडेगावला सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, खणून काय काढणार? बाई म्हणाल्या, काढणार काहीच नाही. मग त्यांनी शांतपणे समजावलं. आपल्या आकाशगंगेत न दिसणारा पदार्थ भरपूर भरलेला आहे. सूर्य त्यातून धावतो, जसा मोटरसायकलवाला वाऱ्यातून. पृथ्वी जूनच्या सुमाराला सूर्य धावतो त्याच दिशेनं पळते, तेव्हा समोरचा वारा जरा जास्त लागणार. डिसेंबरात उलट, म्हणून कमी. आमच्या स्फटिकावर आदळणारे कण दरवर्षी असेच वाढले-घटले, तर ते त्या पदार्थाचे असू शकतात.

साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचा पदार्थ दिसत नाही, त्यामुळं तो माझ्या अखत्यारीत येत नाही. बोगदा दिसतो. बोगद्याचं बोला."

जेवणाच्या सुट्टीआधी परवानगी हातात होती.

०००

पहिल्याच उन्हाळ्यात मे सरता सरता मोजणी चढायला लागली. पाऊस रुळला तशी उतरली. पुढच्या वर्षी परत तेच. मला तर आनंदानं जेवण जाईना.

बाईंनी कुठल्या ऊर्जेचे किती कण आले याचा आलेख मागवला. त्यात एका ठिकाणी सुळका उभा होता, आणि ती जागा ठरलेली असते, पोटॅशियमची; ते स्वतःच किंचित किरणोत्सर्गी असतं. इथला काळा दगड त्या बाबतीत गरीब. मग पोटॅशियम आलं कुठून?

यंत्रामागच्या कपारीत ताडपत्री होती, ती उचलली. खाली पोटॅश खताच्या गोण्या! तुकारामानं काही लपवलं नाही. वाडीतल्या सगळ्यांचं खत सोसायटीतून आलं, की भाताच्या लावणीपर्यंत तो ते इथंच ठेवायचा.

"घरात उंदरं गोण्या फाडत्यात बाई. आन अख्ख्या गावात हितल्यावानी कुलूप नाय."

बाईंनी ताडपत्री खाली सोडली आणि मला म्हणाल्या, "आकाशगंगेचा नाही, सोसायटीचा माल आहे."

०००

मधल्या काळात माझं लग्न निघालं. मुलगी आणे गावची, पठारावरची. आमचे वडील पाहुण्यांना माझं काम समजावून देताना दोनदा अडखळले आणि शेवटी "सरकारी आहे" म्हणून मोकळे झाले. मुलीनं मात्र मलाच विचारलं, शोधताय ते सापडलं का? मी म्हटलं, नाही. सापडलंच नाही तर?

तीच म्हणाली, "आमच्याकडं विहीर कोरडी निघाली, तर तिथं पाणी नाही एवढं तरी सगळ्यांना कळतं."

मी तिथल्या तिथं होकार सांगितला. तिनं मात्र आठवडाभर घेतला.

०००

एका वर्षी लोखंडी दाराबाहेर, बोगद्याच्या तोंडाशी, बिबट्याची मादी पिल्लं घेऊन राहायला आली. वनखात्याची माणसं म्हणाली, हलवू नका, ती आपली आपण जाईल. आम्ही घोडेगावात खोली घेऊन बसलो. वीज होती, आत यंत्र चालू होतं, पण त्याच्याकडं जायची सोय नव्हती.

मादी गेल्यावर आम्ही दार उघडलं आणि मोजणी बघितली. इतकी स्वच्छ मोजणी तोवर कधीच झाली नव्हती. कुणी दार उघडलेलं नाही, कुणी आत पाय आपटलेले नाहीत, बाहेरची हवा आलेली नाही.

बाई म्हणाल्या, "आपल्यात एकच कर्मचारी शिस्तीची होती, तीही गेली."

०००

गोण्या गेल्या, दार उघडण्याला शिस्त आली, तरी जूनचा एक बारीक उंचवटा उरलाच. सलग दोन वर्षं. बाहेरच्या देशातही असा उंचवटा दिसल्याची तेव्हा चर्चा होती. मी शोधनिबंधाचा मसुदा लिहायला घेतला. छाती चांगलीच फुगली होती.

बाई म्हणाल्या, "छापण्याआधी त्याला मारून बघू. जगला तर छापू."

आणि त्यांनी भर डिसेंबरात बोगद्यात जून आणला. हीटर लावले, भिंतींना ओली पोती टांगली. वाडीतल्या बायका ओढ्यावरून हंडे आणत होत्या, तुकाराम पोती भिजवत होता. बाहेर माणसं शेकोटीला बसलेली, आणि आत आमच्या पाठीवरून घामाच्या धारा.

काही दिवसांनी आलेख काढला. उंचवटा हजर! आकाशाच्या हिशेबानं कण कमी पडायचे दिवस, आणि आमची मोजणी जूनसारखी चढलेली. दमट हवेनं केबलच्या जोडात वीज किंचित पाझरत होती आणि यंत्र तिलाच कण समजून मोजत होतं.

मी मसुदा मिटून पिशवीत टाकला. बाईंचा चेहरा मात्र अवघड गणित सुटल्यासारखा उजळला होता. सगळे जोड बदलून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवलं. मग तुकारामाला घोडेगावला पिटाळलं. पेढे आण आणि वाडीत वाट.

वाटताना मीही त्याच्याबरोबर होतो. सगळ्यात जास्त हंडे हिराबाईनं वाहिले होते. तिनं दारातच विचारलं, "कशाचं पेढं रं?"

तुकाराम जरा थांबला. "बाईंस्नी वाटलं व्हतं, शोध लागला. मंग बाईंनीच त्यो खोटा पाडला. त्याचं हायेत."

हिराबाईनं पेढ्याकडं बघितलं, वर बोगद्याकडं बघितलं.

"मंग मला दोन दे," ती म्हणाली.