सुनेच्या माहेरचे वास्ते

आमच्या सुनेचं माहेर हेमलकशाच्याही पुढे, नदीपलीकडच्या एका माडिया आदिवासी गावात आहे. ती चंद्रपुरात एका दवाखान्यात नर्स आहे आणि माझा मुलगा तिथेच रक्त तपासायच्या खोलीत काम करतो. दोघांनी लग्न करायचं ठरवलंय असं त्यानं घरी सांगितलं, तेव्हा माझे यजमान चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "पोरगी चांगली दिसते. पण ते लोकं खातात काय, कोणाले माहीत!" त्यांचा विरोध जातीपेक्षा जेवणाला जास्त आहे, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आज वाटतं, दोन्ही एकच होतं.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. यजमानांच्या वीज केंद्रातल्या नोकरीमुळे चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आलो आणि वीसेक वर्षं तिथंच राहिलो, पण ताटातलं वऱ्हाड काही सुटलं नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत. सून आली आणि पंधरा दिवसांत तिनं हे सगळं एका वहीत उतरवून घेतलं. तिची भाकर माझ्यापेक्षा पातळ व्हायची. मी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पाहा, कसं शिकली आमचं सगळं." तिला स्वतःला काय आवडतं, हे मात्र वर्षभरात मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी तिच्या गावचा एक माणूस दारात आला. कोणाला तरी दवाखान्यात दाखवायला आणलं होतं म्हणाला. सागाच्या पानांत बांधलेलं एक गाठोडं त्यानं माझ्या हातात दिलं. "तिच्या मायनं पाठवलं," एवढंच बोलला आणि पाणीही न घेता गेला. सून ड्यूटीवर होती. गाठोड्यात बांबूचे पाच कोवळे कोंब होते, वरून टोकदार, बुडाला मातीनं भरलेले. शेजारची बाई इकडचीच, मूल गावची. तिनं पाहिल्या पाहिल्या ओळखलं. "वास्ते व्हय ते, बाई! लय चांगली भाजी होते."

माझ्या डोक्यात आलं, पोरगी थकून घरी येईल, आपण आयती भाजी करून ठेवावी. किती खूश होईल! कशी करतात हे विचारायला शेजारणीकडे परत जायचा मला संकोच वाटला. इतकी वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला एक भाजी विचारावी लागते काय? साली सोलल्या, पत्ताकोबीसारखे चार कोंब चिरले, कांद्याची फोडणी दिली, तिखट-मीठ घातलं आणि झाकण ठेवून शिजवले. वास जरा उग्र येत होता. म्हटलं, जंगलातली वस्तू आहे, असेलच.

संध्याकाळी ती आली तेव्हा आम्ही ताटावर बसलेलो. मुलाला उशीर होता. यजमानांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अवं, कडूजहर हाये हे! काय शिजवलं तू?" मीही घास तोंडात घातला होता. जीभ आवळल्यासारखी झाली. तेवढ्यात सुनेनं पर्स खाली टाकली आणि आमची दोन्ही ताटं पुढून ओढून घेतली. घरात इतक्या मोठ्या आवाजात ती पहिल्यांदाच बोलली.

"आई, थुंका! गिळू नका! पाण्यात ठेवले नव्हते का?"

"पाण्यात कायले?"

"रात्रभर पाण्यात ठेवा लागते. ते पाणी फेकून द्या लागते. मग उकडा लागते. कच्चे वास्ते बाधतात."

तिनं आम्हाला चुळा भरायला लावल्या आणि तासभर समोर खुर्ची टाकून बसली, पेशंटजवळ बसावं तशी. मध्येच यजमानांची नाडी पाहायची, माझ्या पोटात कसं वाटतंय विचारायची. आम्हाला काही झालं नाही. मग यजमान म्हणाले, "मले तं वाटलं, तुह्या सासूनं आज माह्या पेन्शनीवर डोळा ठेवला," आणि ती फसकन हसली. मीही हसले.

हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "आई, किती होते?"

"पाच."

तिनं पातेल्यात पाहिलं. मला तेव्हा कळलं, की आईनं चिखलातून, पावसात भिजत काढलेले कोंब मी नासवले होते. वर्षभरानं माहेरून आलेली ती पहिली वस्तू होती. मी म्हणाले, "चुकलं व माहं. तुले विचाराले पाह्यजे होतं." ती म्हणाली, "नाई आई, तुम्ही माझ्यासाठीच केलं ना." आणि उरलेला एक कोंब घेऊन विळीवर बसली.

तो तिनं कागदासारखा बारीक चिरला. मी शेजारी बसून पाहत होते. चिरता चिरता ती सांगत होती, की बांबूच्या एका बेटातले सगळे कोंब कधी काढायचे नसतात, काही वाढायला ठेवायचे. लहानपणी हे विसरून तिनं एकदा सगळे काढले, तर आजीनं तिला आठ दिवस जंगलात नेलं नव्हतं. मला तिच्या आजीबद्दल काही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी बरंच कळलं.

दुसऱ्या दिवशी पाणी दोनदा बदलून, उकडून, हरभऱ्याच्या डाळीत तिनं भाजी केली. चौघांत वाटीभर आली असेल. यजमानांनी पुन्हा वाढून घ्यायला पातेल्याकडे हात केला. पातेलं रिकामं होतं. "संपली काय?" ते म्हणाले, आणि सुनेनं आपल्या ताटातली अर्धी त्यांच्या ताटात वाढली.

त्यानंतर रविवार तिचा झाला. बाजारातून ती कधी कसला पाला आणायची, कधी मटारू नावाचे कंद, कधी तेंदूची पिकली फळं, टेंभरं. सगळंच आम्हाला आवडलं असं नाही. मोहफुलांचा वास मला आजही सहन होत नाही. यजमानांना ती भाजून तिळाबरोबर इतकी आवडली की डबा लपवून ठेवावा लागतो. लाल मुंग्यांची चटणी तिनं एकदा केली. मी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, लिंबासारखी आंबट लागली. मुलानं भाताबरोबर खाल्ली. यजमानांनी हात जोडले. "बेटा, हे नाई जमत मले." तिनं आग्रह केला नाही. वाटी झाकून बाजूला ठेवली.

मग तिचे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले आणि आठवडाभर आमच्याकडे राहिले. व्याही पहिल्यांदाच घरी आलेले. मी दोन लिटर दूध आटवून, चारोळी घालून बासुंदी केली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि वाटी हळूच ताटाबाहेर सरकवली. बाकी सगळं जेवले. मला फार लागलं. ओट्यापाशी मी भांडी उगाच आदळत होते. सून मागे आली.

"आई, ते दूध पीत नाईत. आमच्याकडं जुनी माणसं म्हणतात, दूध वासराचं आहे. चहासुद्धा लालच पितात."

"मंग तू तं पिते."

"मी होस्टेलात प्यायला शिकले." जरा थांबून ती म्हणाली, "पहिल्यांदा प्यायली तेव्हा उलटी झाली होती. कोणाला सांगितलं नाई."

लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी मी तिला जबरदस्तीनं पेलाभर दूध देत होते, अंगात रक्त नाही म्हणून.

बाहेर यजमान ऐकत असावेत. आत येऊन म्हणाले, "वाईट काऊन वाटून घेतं? त्यायले नाई चालत, नाई खाल्लं. म्या तं पोरीनं एवढ्या कष्टानं केलेली चटणी जिभेलेही लावली नाई." हे बोलणारा माणूस तोच होता, चार दिवस अबोला धरणारा. मी चहा टाकला, बिनदुधाचा, आणि तो घेऊन स्वतः बाहेर गेले. "घ्या, भाऊ," म्हटलं. त्यांनी कप दोन्ही हातांत धरून घेतला.

डोळ्याची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं व्याही बाजारात गेले. एकाला माडिया येत नाही, दुसऱ्याला मराठी मोजकीच. दोन तासांनी परतले तर पिशवीत एकच फळ. गुलाबी, सगळ्या अंगावर हिरवे खवले. यजमान म्हणाले, "ड्रॅगन म्हणते याले. यायनं पाह्यलं अन् उभेच राहून गेले. म्हटलं, घेऊनच जावू." आमच्यापैकी कोणीच ते खाल्लेलं नव्हतं. साल काढायची की नाही, बिया काढायच्या की नाही, यावर बराच वाद झाला. शेवटी मुलानं मोबाइलवर पाहून फळ मधोमध चिरलं. आत पांढराशुभ्र गर आणि तिळासारखे काळे दाणे. पाचही जणांनी चमच्यानं एकेक घास घेतला.

व्याही सावकाश चावत होते. मग माडियात एक वाक्य बोलले आणि सून हसत सुटली. तिला बोलताच येईना.

"अवं, सांग तं काय म्हणते?" यजमान.

"म्हणतात, एवढा रंग केला त्यात... चव टाकायला विसरला देव!"

यजमानांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. उरलेलं फळ मग साखर लावून मीच संपवलं.

निघताना मी त्यांना प्रवासासाठी भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. बसमध्ये चढताना ते म्हणाले, "बाई, गावाले या." उन्हाळ्यात आम्ही खरंच गेलो. अंगणात बसवून सुनेच्या आईनं माझ्या हातात पानाचा दोना दिला. सून पाणी आणायला गेलेली, समजावून सांगायला जवळ कोणी नव्हतं. दोन्यात पिवळसर, गरम, घट्ट असं काहीतरी होतं. त्या माउलीची नजर माझ्या तोंडाकडे लागलेली. मी खाल्लं. किंचित आंबट होतं, चांगलं होतं. मी आणखी घ्यायला रिकामा दोना पुढे केला तशी ती खुदकन हसली आणि पुन्हा काठोकाठ भरून दिला.