मानीच्या गाण्यातला शब्द

सत्यशीलाबाई गेल्या महिन्यात गेल्या. ऐंशी ओलांडली होती. आमच्या बंगल्यामागच्या वस्तीत त्या राहत, आणि माझ्या मागच्या गॅलरीतून त्यांचं अंगण दिसतं. कॉन्व्हेंटमध्ये असल्यापासून मी रोज डायरी लिहिते. त्यामुळे त्यांच्याबद्दल माझ्याकडे पुष्कळ लिहिलेलं आहे. त्यात मी काय केलं, ते सांगायला हवं.

वेचणीच्या दिवसांत सत्यशीलाबाई वस्तीतल्या बायकांना ऑटोत कोंबून यवतमाळच्या आसपासच्या वावरांत कापूस वेचायला नेत. कोणी बाळंत झाली की तिचा स्वयंपाक बाकीच्या घरांनी वाटून घ्यायचा, हा नियम त्यांनी घातलेला. आणि त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक बाईच्या नावाचं गाणं रचलं होतं. दोन ओळींचं, थोडं चिडवणारं, त्या बाईशिवाय दुसऱ्या कोणालाच लागू न पडणारं.

त्यांना लिहिता येत नव्हतं. मला येत होतं. आमच्या महिला मंडळाच्या अंकात छापू, म्हणून मी ती बेचाळीस गाणी उतरवून घेतली. हे २००६ साल. कापसाचे वाईट दिवस होते. गावोगावच्या बातम्या येत आणि लोक हळू आवाजात बोलत. मानीबाईचा नवरा त्याच वर्षी गेला. ती तीन वर्षांच्या पोरीला घेऊन दार लावून बसली. एकोणीस दिवस. सत्यशीलाबाई रोज तिच्या उंबऱ्यावर तूर निवडत बसायच्या आणि तिचं गाणं म्हणायच्या:

काळी माही मानी, वळखू येते दुरून
पांढऱ्या वावराले तीट लावली कोनं

विसाव्या दिवशी दार धाडकन उघडलं. मी गॅलरीत होते.

"काळी कोनाले म्हनतं वं, म्हातारे? सोताचं थोबाड पाह्यलं काय?"

"पाह्यलं म्हनून तर तुले बलावलं. ये, माह्यापेक्षा कोनीतरी काळं पाह्यजे शेजारी."

मानीबाई हसली, मग रडली, मग तूर निवडायला बसली. त्या दिवशीच्या डायरीत माझं एकच वाक्य आहे: 'आज सत्यशीलाबाईंनी मानीबाईस बाहेर आणले.' कसं आणलं, ते मी लिहिलं नाही. ती भाषा मला लिहिण्याजोगी वाटली नाही.

गाणी पक्की करताना मी 'मले'चं 'मला' केलं, 'वावर'चं 'शेत' केलं. मानीबाईचं गाणं झालं 'सुंदर माझी मानी'. सत्यशीलाबाईंना वाचून दाखवलं.

"वकिलीणबाई, काळी कुठी गेली?"

"छापायचं आहे हो. बरं दिसत नाही."

"सुंदर बाईची कायची तीट? पांढऱ्या कापसात काळं हाये, म्हनून तर दिसते ना दुरून!" त्या हसल्या. मी हसले नाही. मग पदर झटकून उठल्या. "राहू द्या. तुमचं लिवनं तुमच्यापाशी." पुन्हा कधी गाणं सांगायला आल्या नाहीत. अंकही निघाला नाही. मूळ कच्चे कागद मी रद्दीत दिले, कारण पक्की प्रत डायरीत होती.

मानीबाई दोन वर्षांनी तापाने गेली. पोरीला मावशीने ढाणकीला नेलं. ती पोर, शीला, सत्यशीलाबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी राहिली.

"आजी, माह्या मायचं गानं तुमच्यापाशी हाये म्हनते सारे. तिचा एक फोटोबी नाही माह्याजवळ."

मी डायरी काढली. माझ्या वळणदार अक्षरातलं गाणं तिला वाचून दाखवलं. तिने ते दोनदा ऐकलं, वहीत उतरवून घेतलं, आणि मग म्हणाली, "सुंदर होती म्हना माय. मीच अशी काळी. बापावर गेली असंन."

शीला हुबेहूब मानीबाई आहे. तोच रंग, तेच कपाळ. मी ते बघत होते. तिने चहाचा कप ठेवला, पाया पडली, पायऱ्या उतरून चपला घातल्या.  ती फाटकाशी गेली तेव्हा मी हाक मारली, "शीला, थांब. तो शब्द माझा आहे."

मग सगळं सांगितलं. गाणं जसं होतं तसं म्हणून दाखवलं, बेसूर. ती पायरीवर बसली.

"काहून बदललं, आजी?"

"काळी म्हणणं वाईट दिसतं, असं मला वाटलं." हे मी तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले.

 पेन काढून तिने वहीतलं 'सुंदर' खोडलं, वर 'काळी' लिहिलं, आणि गाणं म्हणून पाहिलं. चाल लगेच बसली. दुसऱ्यांदा म्हणताना तिने आपल्या हाताकडे पाहिलं.

जाताना तिने विचारलं, "बाकीच्यायचंबी असंच केलं काय?"

"हो."

"त्यायचं खरं आठवते?"

आठवत नाही. मानीबाईचं तेवढं आठवतं, कारण त्यावरून सत्यशीलाबाई मला बोलल्या होत्या. वस्तीतल्या निम्म्या बायका आता नाहीत. उरल्या आहेत त्यांच्याकडे मी परवापासून डायरी घेऊन जाते आहे. पहिल्यांदा गंगीकडे गेले. तिचं गाणं तिला वाचून दाखवलं. तिने कानामागे हात धरून नीट ऐकलं आणि विचारलं, "हे कोन्या गंगीचं हाये?"