डॉक्टरसाहेब मातीत उतरले

डॉक्टरसाहेब गेल्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या भागातले जुने पैलवान एकत्र बसले की बोलणं अजून त्यांच्यावरच येतं, आणि थोड्याच वेळात सगळे हसायला लागतात. माणूस होताच तसा.

निजामाचं राज्य होतं तेव्हा ते हैदराबादहून परभणीच्या सरकारी दवाखान्यात बदलून आले. राज्य गेलं, अंमलदार गेले, हे मात्र इथंच राहिले. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बोलणं निम्मं दखनी आणि निम्मं आमचं. दवाखान्यात ताप, हगवण, विंचवाचा दंश, सगळं बघायचे. पण जीव कुस्तीत. लहानपणी हैदराबादेतल्या तालमीत जायचे, छाती अशक्त म्हणून घरच्यांनी ते बंद केलं. पैलवान होता आलं नाही, तर पैलवानांचा डॉक्टर होऊ, असं त्यांनी मनाशी धरलं. जिथं कुस्त्यांचा फड, तिथं ते. औषधांची पेटी मांडीवर घेऊन कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या अगदी कडेला बसायचे. वालूरपासून गंगाखेडपर्यंत कुणाचा गुडघा सुजला, कुणाची मान अवघडली, की लोक म्हणायचे, डॉक्टरसाहेबांकडं जा.

माझी त्यांची ओळख पोखर्णीच्या नृसिंहाच्या जत्रेत झाली. गंगाखेडच्या एका दांडग्या पैलवानाशी माझी जोड लागली होती. त्यानं ढाक मारला, मी पडता पडता हात खाली टेकवला आणि उजवा खांदा निखळला. मला हौद्याबाहेर आणलं. दोघंतिघं माझा हात ओढायला सरसावले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नक्को, नक्को. कोई हात लगाना नै."

डॉक्टरसाहेबांनी मला एका बैलगाडीवर पालथं झोपवलं. दुखरा हात कडेनं खाली लोंबता ठेवला. शेजारच्या हलवायाच्या तराजूतलं वजन मागून घेतलं आणि माझ्याच फेट्याच्या शेवानं ते मनगटाला बांधलं. मग स्वतः चाकाशेजारी जमिनीवर बसले आणि वर माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "बोलो पैलवान, उनो कौनसा दाव मारा?"

मला दरदरून घाम सुटला होता. "ढाक," मी म्हणालो.

"कसा मारला? पहिल्यापासून सांगा."

"डॉक्टरसाहेब, खांदा लय दुखायलाय."

"खांदा माझं काम. तुमी कुस्ती सांगा."

मी दात खात सांगायला लागलो. ते मधेच अडवायचे. त्याचा पाय तुमच्या मागं होता म्हणायचे. मी म्हणायचो, मागं नव्हता, आडवा होता. ते ऐकेनात. मी चिडलो. एवढी कुस्ती बघूनसुद्धा याला कळलंच नाही, म्हणून तावातावानं समजावून सांगत होतो, तेवढ्यात खांद्यात काहीतरी आतल्या आत सरकलं आणि खट्‌ झालं. वाऱ्यानं दिवा जावा तशी कळ गेली. डॉक्टरसाहेबांनी उठून खांदा चाचपला, वजन सोडलं, त्याच फेट्यानं हात गळ्यात बांधला आणि म्हणाले, "हौ, आडवाच होता. मी बघितलं होतं."

घरी आल्यावर आमचे वस्ताद हळद-तेलाची वाटी घेऊन आले. डॉक्टरसाहेबांनी तर चोळायची मनाई केलेली. वस्तादांना ते लागलं. तेव्हा निजामाचंच राज्य, शुक्रवारी दवाखान्याला सुट्टी असायची. त्या दिवशी डॉक्टरसाहेब सायकल हाणत आमच्या गावी आले, तेव्हा वस्तादांनी सरळच विचारलं, "तालीम माझी हाय का दवाखान्याची?"

"तालीम तुमची, वस्ताद. खांदा थोडे दिवस माझा. मग दोन्ही तुमचे."

वस्तादांना हसू आलं. पुढं खांद्याची सूज उतरल्यावर डॉक्टरसाहेबांनीच त्यांना बोलावून चोळायला लावलं, आणि अंगठा कुठं दाबायचा ते बाह्या सरसावून त्यांच्याकडून शिकून घेतलं. दोघांची त्या दिवसापासून गट्टी जमली.

मला एकच व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर चढवत न्यायची. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. बायको दाराआड पदर सावरून उभी होती. डॉक्टरसाहेब तिला म्हणाले, "ताई, मी परभणीत. इथं तुमी डॉक्टर."

तिनं ते फारच मनावर घेतलं. बोटं जिथवर पोचतील तिथं ती गेरूची रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या वर गेल्याशिवाय भाकरी वाढायची नाही. मी दमून कपाळ भिंतीला टेकवलं की मागून आवाज यायचा, "डॉक्टरसाहेबांनी चढायला सांगितलंय, टेकायला न्हाई." भिंत पार आढ्यापर्यंत तांबड्या रेघांनी भरली. येणारे-जाणारे विचारायचे, ही कसली नक्षी? ती सांगायची, ह्यांचा खांदा वर चाललाय.

पुढच्या वर्षी त्याच जत्रेत, त्याच पैलवानाशी मी पुन्हा लढलो आणि जिंकलो. खाली मान घालून मी वस्तादांच्या पाया पडलो आणि वर बघतो, तर ते मानाचा फेटा घेऊन डॉक्टरसाहेबांकडं निघाले होते. डॉक्टरसाहेबांनी हात आडवा केला.

"फेटा नक्को, वस्ताद. मला एक कुस्ती द्या."

सगळा फड हसला. "कोणाशी?" वस्तादांनी विचारलं.

"ज्याचा खांदा बसवला त्याच्याशी. बघू तरी, कसा बसवलाय."

ते खरंच उठले. कुणीतरी लंगोट दिला. चष्मा वस्तादांच्या हातात देऊन डॉक्टरसाहेब हौद्यात उतरले तेव्हा त्यांच्या बरगड्या लांबून मोजता आल्या असत्या. त्यांनी माती कपाळाला लावली. मी त्यांना अगदी अलगद धरलं आणि मुद्दाम एका गुडघ्यावर आलो. ते थांबले. माझ्या कानाशी म्हणाले, "पैलवान, ये नाटक नक्को. मी तुमाला कधी खोटं औषध दिलं का?"

मग मी खरा ढाक मारला. त्यांच्या मानेखाली हात तेवढा ठेवला आणि त्यांना चित केलं. ते तसेच पडून राहिले, हात पसरून, डोळे वर लावून. मी घाबरलो. "डॉक्टरसाहेब, लागलं का?"

"न्हाई. आसमान बघायलोय," ते म्हणाले. "सगळे म्हणतात, आसमान दाखवलं, आसमान दाखवलं. म्हटलं, बघू तरी."

लोकांनी हरलेल्याला खांद्यावर घेऊन वाजतगाजत फिरवलं, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

काही दिवसांनी मी दवाखान्यात गेलो. बाहेर रोग्यांची ही गर्दी. डॉक्टरसाहेबांची मान अजून अवघडलेली होती. ते एका म्हातारीची नाडी धरून तिला सगळी कुस्ती सांगत होते, आणि म्हातारी आपलं दुखणं विसरून ऐकत होती.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय, पडलो," डॉक्टरसाहेब खुशीत म्हणाले आणि तिला जीभ दाखवायला सांगितली.